सव्विसाव्या वळणावर दहा मिनिटं

धाकटीनं हे नंतर स्वतःच कबूल केलं, आणि पोट धरून हसत कबूल केलं: लग्न होऊन या घरात आली तेव्हा थोरली जाऊ तिला एक नंबरची भित्री वाटली होती. वाटणारच हो. रस्तेखात्याच्या चौकशीच्या फोनवर अठरा वर्षं बसलेली बाई. दिवसाला शंभर जणांना सांगणार, 'घाट चालू आहे, दिवे लावून या, एकोणिसाव्या वळणावर खडी पसरलीय', आणि स्वतः त्या घाटाचं तोंड बघितलेलं नाही. दर मोसमात घाट उघडला की घरचे सहलीचा बेत करायचे, आणि दर वेळी निघायच्या आदल्या दिवशी थोरलीला ताप भरायचा. धाकटीनं पहिल्याच वर्षी संशयानं थर्मामीटर लावला. ताप खरा निघाला, एकशे दोन. 'चांगलंच मुरलेलं नाटक आहे,' असं ती मनात म्हणाली आणि निमूटपणे बॅगा सोडल्या.

यंदा मात्र थोरलीनंच जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. चार दिवसांचा बेत. घाट चढायचा, माथ्यावरचा सरहद्दीचा नाका ओलांडायचा, पलीकडे उतरून तळ्याकाठी दोन रात्री राहायचं. धाकटे, म्हणजे धाकटीचे अहो, मोबाइलवर बघून बघून कुठे कुठे थांबायचं ते सांगत होते.

"बाराव्या वळणावरून धबधबा दिसतो. तिथे अर्धा तास."

"पाच मिनिटं," थोरली म्हणाली. "सव्विसाव्याला दहा."

"सव्विसाव्याला काय आहे?"

"काही नाही."

"वहिनी, धबधब्याला पाच आणि काही नाहीला दहा?"

"धबधबा काही आपली वाट बघत बसलेला नाही, भाऊजी."

थोरल्यांनी वर्तमानपत्रातून मान वर केली. "तिच्याशी वाद घालू नकोस. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस वळणं पाठ आहेत तिला. माझा वाढदिवस विचार, नाही सांगता येणार."

"वाढदिवसाला कुणी फोन करून विचारत नाही, तो चालू आहे का," थोरली म्हणाली, आणि पेन्सिलीनं सव्वीसभोवती गोल काढला. तो इतका दाबून काढला की कागद फाटला. धाकटीनं ते बघितलं.

दोन दिवसांनी नाक्याच्या परवान्यावर थोरलीची सही हवी म्हणून धाकटी तिच्या ऑफिसात गेली. दुपारचे तीन. लांबट खोली, रेक्झिन फाटलेलं बाकडं, टेबलावर एकच फोन, आणि त्याच्या शेजारी क्लिपला लावलेला त्या दिवसाचा रस्त्याचा कागद. कागदावरच्या तारखेखाली लाल शाईनं दोन रेघा. मागच्या सगळ्या कागदांवरही तशाच दोन रेघा. थोरली परवान्याची झेरॉक्स काढायला पलीकडे गेली आणि इकडे फोन वाजला. धाकटीला कुठला धीर, उचलला.

"घाट चालू आहे का हो?"

पुरुषाचा आवाज. इतका स्वच्छ, की पलीकडच्या खोलीतूनच कुणी बोलतंय असं वाटावं. धाकटीनं कागद बघितला. "चालू आहे."

त्याच्या मागून एका लहान मुलीचा आवाज, "बाबा, बाई काय म्हणाल्या?"

"काल तुम्हीच बंद म्हणालात," तो माणूस म्हणाला. रागानं नाही, दमून. "म्हणून आम्ही चौकीत थांबलो. आता फोनवरचं ऐकणार नाही बाई मी. कुणाला तरी पाठवा. समोर येऊन सांगू दे, मग निघतो."

"तुम्ही आहात कुठे?"

"सव्वीस नंबर."

धाकटीनं फोन ठेवला. दारात थोरली उभी, हातात झेरॉक्स.

"सव्वीस?" तिनं विचारलं.

धाकटीनं नुसती मान हलवली. थोरली खुर्चीत बसली, आणि अठरा वर्षांत नवऱ्यालाही न सांगितलेलं सांगून टाकलं.

नोकरीचा चौथा दिवस. सकाळी हाच फोन आला होता, सव्विसाव्या वळणावरच्या चौकीतून. नवरा, बायको आणि मुलगी होती गाडीत. थोरलीनं समोरचा कागद वाचून सांगितलं, बंद आहे, तिथेच थांबा. कागद आदल्या दिवसाचा होता. घाट पहाटेच उघडला होता. संध्याकाळी डोंगर खाली आला आणि चौकी घेऊन गेला. खालच्या नाक्यावर गाडीची नोंद होती, वरच्या नाक्यावर नव्हती. दरीत महिनाभर शोधलं. माणसं नाहीत, गाडी नाही, चाकसुद्धा नाही.

"आणि फोन?"

"चौकी गेली तेव्हाच तार तुटली. परत कुणी जोडलीच नाही." थोरलीनं झेरॉक्सच्या कडा जुळवल्या. "दर मोसमात एकदा येतो. मी सांगते चालू आहे. तो म्हणतो माणूस पाठवा."

"मुलगी..." धाकटीनं विचारलं, "तेव्हा केवढी होती?"

"आत्ता ऐकलीस ना? तेवढीच."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू केली. दोघी दचकल्या.

"महिनाअखेरीला हे टेबल उठणार," थोरली म्हणाली. "पुढे रेकॉर्ड केलेला आवाज. तो बिचारा त्या रेकॉर्डला विचारत बसेल. यंदा जायलाच हवं मला."

"आणि ताप आला तर, ताई?"

"तर तापासकट उचलून गाडीत टाक."

ताप आलाच. निघायच्या पहाटे थोरलीचं अंग तव्यासारखं तापलेलं. धाकटीनं थर्मामीटर स्वतःच्या पर्समध्ये लपवला, बाहेर येऊन "ताई अगदी ठणठणीत आहेत" असं बिनदिक्कत सांगितलं, आणि जाऊबाईला घोंगडीत गुंडाळून मागच्या सीटवर बसवलं. याला म्हणतात जाऊ.

वळणांचे आकडे कातळावर पांढऱ्या रंगानं लिहिले होते. बारावं गेलं, धबधबा दिसला, धाकट्यांनी फोटो काढले, बरोबर पाच मिनिटांत गाडी हलली. विसाव्यापासून धुकं. सव्विसाव्याला थोरल्यांनी गाडी कडेला घेतली. गवत, जोत्याचे चार दगड, आणि बिनतारेचा एक वाकडा खांब. बस.

दोघे भाऊ काचा वर करून बिस्किटं खात बसले. थोरली घोंगडीसकट उतरली, तिच्यामागे धाकटी. दगडांपाशी उभं राहून थोरली ऑफिसातल्या आवाजात बोलू लागली, पहिल्या शब्दाला मात्र तो आवाज फाटला.

"घाट चालू आहे. मी बंद सांगितलं ते चुकलं. कागद जुना होता, मी तारीख बघितली नाही. आता मीच आलेय सांगायला. निघा तुम्ही."

काही नाही. धुकं तेवढंच, गार तेवढंच. मग अगदी जवळ गाडीचं दार बंद झालं. एक. दोन. आणि जरा थांबून तिसरं, हलकं, लहान हातानं ओढल्यासारखं. धाकटीनं मागे वळून बघितलं. त्यांच्या गाडीची चारही दारं बंद होती आणि धाकटे डब्यातल्या तळाच्या बिस्किटासाठी बोटं घालत होते. तिच्या पायांवरून इंजिनाची ऊब सरकत गेली. पुढचं धुकं गाडीएवढं फाटलं आणि परत मिटलं.

"चल," थोरली म्हणाली. दहा मिनिटं झाली नव्हती.

गाडी चढू लागली. वातावरण हलकं करावं म्हणून धाकटे म्हणाले, "एवढ्या लवकर निघालो, आज नाक्यावर पहिले आपणच."

"दुसरे," थोरली म्हणाली.

"वाटेत एक तरी गाडी दिसली का, वहिनी?"

"दुसरे."

"अहो, कुणी ओलांडून गेलं नाही आपल्याला."

"थांबलो होतो ना आपण."

"तेव्हाही कुणी गेलं नाही. मी बघत होतो."

"तुम्ही बिस्किटं बघत होतात, भाऊजी."

हे पंधरा वळणं चाललं. थोरल्यांनी दोनदा रेडिओ लावून बघितला, लागला नाही.

नाक्यावरच्या शिपायानं परवाना बघितला, आणि येणाऱ्या गाडीला क्रमानं देतात तो पत्र्याचा बिल्ला घ्यायला हात मागे नेला. भिंतीवर ओळीनं खिळे, खिळ्यांना आकडे घातलेले बिल्ले. पहिला खिळा रिकामा. त्यानं टेबलाखाली बघितलं, खुर्चीखाली बघितलं, खिसे चाचपले.

"आत्ता तर मीच लावला होता," तो पुटपुटला. "सकाळपासून एक गाडी आलेली नाही." मग वैतागून त्यानं दुसऱ्या खिळ्यावरचा बिल्ला काढून दिला.

"हा धरायचा नाही," धाकटे लगेच म्हणाले. "त्यांचा पहिला हरवलाय. गाडी आलेली नाही, तेच म्हणतायत. आपण पहिलेच."

थोरलीनं घोंगडीतून हात बाहेर काढला, बिल्ला घेतला आणि दिराच्या नाकासमोर धरला. धाकटीनं बघितलं, तिचा चेहरा अठरा वर्षांनी झोप लागणार असल्यासारखा झाला होता.

"काय लिहिलंय, भाऊजी?"

"दोन."

"ऐकू आलं नाही."

"दोन, वहिनी. दुसरे. झालं समाधान?"