आकृत्या अपूर्ण

मुलीच्या भूमितीच्या मार्कांबद्दल तिच्या मॅडमना विचारावं की विचारू नये, या एका प्रश्नाने गेल्या वर्षी गणपतीपासून दसऱ्यापर्यंत माझं डोकं खाल्लं. ज्यांच्या घरात दहावीचं मूल नाही त्यांना यात हसण्यासारखं वाटेल. एक फोन करायचा, विचारायचं, विषय संपला. दुसऱ्यांच्या बाबतीत मलाही असंच वाटायचं.

मॅडम मूळच्या आमच्याच, सिडकोतल्या. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. पुढच्या खोलीत सतरंजी टाकून त्या गणिताचा क्लास घ्यायच्या. कॉलनीतली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेली. त्यांचे मिस्टर रेल्वेत. त्यांची मनमाडला बदली झाली आणि क्लास मोबाईलवर आला. सतरंजी गेली तरी मॅडम राहिल्या, म्हणून आम्ही सगळे पालक खूश होतो. दर आठवड्याला संध्याकाळी टेस्ट असायची. मुलांनी घरी बसून पेपर लिहायचा आणि वेळ संपली की पानांचे फोटो एका अ‍ॅपमधून घाईघाईने पाठवायचे. मॅडम मार्क आणि एका ओळीचा शेरा कळवायच्या. तपासलेला पेपर परत यायचा नाही.

माझी मुलगी भूमितीसाठी वेडी. तिला मोठं होऊन घरांचे नकाशे काढायचेत. आमच्या वन बीएचकेचा नकाशा तिने सातवीतच कॅलेंडरच्या पाठीमागे काढला होता आणि माझ्या स्वयंपाकघराला शेजाऱ्यांची अर्धी गॅलरी जोडून दिली होती. बीजगणितात ती चुकायची, पण भूमितीत कधी नाही. गणपतीच्या दिवसांत मात्र भूमितीचेच मार्क उतरायला लागले. शेरा आला, ‘आकृत्या अपूर्ण. सराव करा.’ पुढच्या टेस्टला, ‘आकृत्या पुन्हा अपूर्ण.’ आणि त्यानंतर नुसतंच ‘लक्ष कुठे आहे?’

दिवाळीनंतर मॅडम अवघड उदाहरणं सोडवणाऱ्या मुलांचा वेगळा गट करणार होत्या. तो ठरणार होता या टेस्टच्या मार्कांवरून. एके दिवशी माझ्याबरोबर गवार मोडता मोडता मुलगी म्हणाली, “आई, मला भूमिती जमत नाही गं. त्या गटाचं राहू दे. मी कॉमर्सला जाते.”

कॉमर्समध्ये वाईट काही नाही. तिचे बाबा कॉमर्सचेच. पण ते ज्या आवाजात ती म्हणाली, तो आवाज मला सहन झाला नाही. आवडीची वस्तू स्वतःहून दुसऱ्याला देऊन टाकणाऱ्याचा असतो, तसा तो होता.

पुढच्या टेस्टला मी तिच्या शेजारीच बसले, भाजी निवडायचं निमित्त करून. वर्तुळ, बाहेरचा बिंदू, दोन स्पर्शिका. कंपासचे कंस सुद्धा जागेवर. मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीमध्ये आहे. दिवसभर पार्ट हातात घ्यायचे, मोजायचे, बरे असतील ते पुढे आणि नसतील ते लाल पेटीत टाकायचे, हेच माझं काम. पूर्ण काय आणि अपूर्ण काय, एवढं तरी मला कळतं. ती आकृती पूर्ण होती. फक्त पेन्सिल ती भलतीच दाबून चालवत होती.

“अगं, टेबलाचं कापड फाटेल, किती जोर लावतेस!” मी ओरडले सुद्धा. आमच्या जेवणाच्या टेबलावर प्लास्टिकचं कापड आहे, फुलांचं. ते पुसताना बोटांना रेघा लागत होत्या, आणि मला वाटत होतं पोरीला वस्तूंची किंमत नाही.

त्याही पेपरला शेरा तोच आला. मग माझं डोकं फिरलं.

“जाऊ दे ना,” नवरा म्हणाला. “मॅडमशी कशाला वाकडं घेती? पोरगी अजून अभ्यास करंल.” हा निफाडकडचा माणूस, द्राक्षबागेत वाढलेला. औषध मारायचं आणि वाट बघत बसायचं, हे याच्या रक्तात आहे. घरात पांढरा उजेड नको, दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं, म्हणून याने घरभर पिवळे बल्ब लावलेत. त्या पिवळ्या उजेडात बसून मला सांगतो, जाऊ दे.

जाऊ देता येत नव्हतं आणि विचारताही येत नव्हतं. कारण तक्रार करणाऱ्याचं काय होतं ते मला माझ्याच टेबलावर दिसतं. आम्ही माल नापास केला की सप्लायरचा फोन येतो. काही जण फोनवरच भांडायला लागतात. त्यांचा पुढचा माल आला की आमच्याकडे कुणी काही बोलत नाही, पण तपासणाऱ्याचा हात जरा कडक होतो. मॅडमचाही झाला तर? माझ्या एका मेसेजचं फळ माझ्या पोरीने बोर्डाच्या परीक्षेपर्यंत भोगायचं?

तसं उदाहरणही ताजं होतं. एका मुलाच्या वडिलांनी पालकांच्या ग्रुपवर सगळ्यांदेखत लिहिलं होतं, तपासलेला पेपर दाखवा. दुसऱ्या दिवशी क्लास सुरू होताच मॅडम त्या मुलाला म्हणाल्या, “काय रे, तुझा पेपर यापुढे मी तपासू, का पप्पांकडेच पाठवू?” सगळ्या पोरांनी हसणारी तोंडं पाठवली. तो मुलगा पुढचे दोन दिवस आलाच नाही.

मॅडमची जीभ आधीपासूनच अशी. सतरंजीवर बसून याहून तिखट बोलायच्या. पण बोलता बोलता पाठीत एक धपाटा द्यायच्या आणि त्याच हाताने डब्यातली खोबऱ्याची वडी काढून पुढे करायच्या. पोरं बोलणं विसरायची आणि वडी लक्षात ठेवायची. मोबाईलमधून नुसतं बोलणंच येतं, आणि ते कानाशी, इयरफोनमधून.

मी कंपनीच्या बसमध्ये बसून मेसेज लिहायला लागले. ‘नमस्कार मॅडम, राग मानू नका, पण.’ पुसलं. राग मानू नका म्हटलं की माणूस आधी राग मानतो. ‘मॅडम, एक शंका होती.’ पुसलं, शंका कुणावर? नमस्कारापुढे हात जोडलेलं चिन्ह टाकलं तर लाचारी वाटत होती, आणि न टाकलं तर उद्धटपणा. पूर्वी ही बाई भाजीच्या गाडीवर भेटायची. मेथीची जुडी उलटीपालटी करत मी सहज विचारलं असतं, आमच्या बाईसाहेबांचं काय चाललंय भूमितीत? त्यांनी मेथी बघत उत्तर दिलं असतं. दोघींच्या मनाला काही लागलं नसतं.

घरी मुलगी वेगळंच म्हणत होती. “आई, प्लीज नको विचारूस. मॅडमना मी आधीच आवडत नाही.”

“कोण म्हणालं तुला?”

“मला माहितीये,” म्हणत ती वही घेऊन आत गेली.

त्यामुळे तर माझी झोपच उडाली. मार्क कापणं वेगळं आणि आकस वेगळा. मॅडम आकस धरणाऱ्या नव्हत्या, पण इतक्या लांबून कोण कसं झालंय हे कसं कळणार? शेवटी त्या चिडीतच मी बसमध्ये एक लांबलचक मेसेज लिहिला. त्यात ‘अन्याय’ हा शब्द होता. आणि बस खड्ड्यातून गेली म्हणून म्हणा, का मनातूनच होतं म्हणून म्हणा, तो गेला. मी घाबरून लगेच डिलीट केला. पण मेला तो फोन, ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ अशी पाटी लावून बसला. थोड्या वेळात मॅडमचं उत्तर आलं. ‘काय झालं, ताई? रविवारी सकाळी बोलू.’

रविवारपर्यंत मी कामावर दोनदा चांगला माल लाल पेटीत टाकला आणि परत काढला.

रविवारी टेबलावर फोन ठेवून स्पीकर लावला. नवरा पेपर वाचण्याचं सोंग करत बसला होता. मुलगी फ्रिजला टेकून उभी होती, चेहरा पडलेला. मी नमस्कार केला आणि पाठ केलेलं सगळं विसरून म्हणाले, “मॅडम, हिच्या आकृत्या मी स्वतः बघितल्यात.”

“म्हणजे मी नीट बघत नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?” मॅडमचा आवाज लगेच चढला. “ताई, मी आजची तपासत नाहीये पेपर.”

झालं, मला वाटलं. संपला पोरीचा गट. नवऱ्याने पेपरच्या वरून माझ्याकडे असं बघितलं, की सांगत नव्हतो का. तेव्हा मला आमच्याकडचा एक म्हातारा सप्लायर आठवला. माल नापास झाला की तो भांडत नाही. म्हणतो, तुम्हाला जे दिसतंय ते मला एकदा दाखवा. त्याच्याशी आजपर्यंत कुणाला वाईट वागता आलेलं नाही.

“मॅडम, मार्क राहू द्या,” मी म्हणाले. “तुमच्याकडे तिचा पेपर कसा दिसतो, तेवढं दाखवाल का?”

त्यांनी कुरकुर करत लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोटो काढून पाठवला. मी तो उघडला आणि बघतच राहिले. पान दुधासारखं पांढरं. पेनने लिहिलेली उत्तरं काळीभोर. आणि आकृतीच्या जागी काहीच नाही. पेनने टाकलेली बिंदूंची अक्षरं तेवढी अधांतरी लटकलेली, आणि त्यांच्यामध्ये तुटक्या रेषेचे एकदोन तुकडे.

“बघितलंत?” मॅडम म्हणाल्या. “नावं टाकते आणि रेषा सोडून देते. मला वाटलं, हिचं लक्ष उडालंय.”

मी कपाटातून मूळ पेपर आणला. त्यावर आकृती होती, ठसठशीत, पेन्सिलने काढलेली. आकृती पेन्सिलनेच काढायची, पेनने काढली तर अर्धा मार्क गेला, हा मॅडमचाच नियम. मी बल्ब लावून कागद त्याखाली जरा तिरका धरला आणि सगळ्या रेघा चकाकल्या. पॉलिश केलेल्या पार्टवर उजेड पडला की ओरखडा दिसेनासा होतो, तो पार्ट तिरका करूनच बघावा लागतो. इथे तेच झालं होतं. दाबून काढलेल्या रेघा चकाकत होत्या, आणि फोटो स्वच्छ करणारं ते अ‍ॅप त्यांना पांढरं समजून पुसून टाकत होतं. मी हे मॅडमना सांगितलं.

“अगं बाई!” मॅडम एकदम जुन्या आवाजात हसल्या. “म्हणजे पोरीने सगळं काढलं होतं तर! पण पूर्वी हिचे फोटो बरे यायचे की. हे पान पांढरं करायचं बटण मध्येच का दाबायला लागली ही?”

मी मुलीकडे बघितलं. ती फ्रिजपासून हलली, टेबलाजवळ आली आणि फोनकडे बघत हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, तुम्ही म्हणालात ना... हिच्या पेपरचं लग्न दिसतंय, हळद लागलीय. सगळे हसले. म्हणून मी पांढरं केलं.”

नवऱ्याने मान वर करून बल्बकडे बघितलं. पलीकडे मनमाडला कुठलंसं इंजिन भोंगा देत गेलं.

“मी असं म्हणाले?” मॅडमनी विचारलं.

“हो, मॅडम.”

“मला आठवत सुद्धा नाही गं.” त्यांचा आवाज बारीक झाला होता. “मी इथे बसून बोलत सुटते. तुमचे चेहरे बंद असतात, मला काही दिसत नाही. बाळा, सगळे पेपर परत पाठव. पिवळेच पाठव. मी पहिल्यापासून तपासते.”

फोन ठेवला. नवरा चपला घालायला लागला. “पांढरा बल्ब घेऊन येतो,” म्हणाला. “राहू द्या, बाबा,” मुलगी म्हणाली आणि तिने टेबलावर एकेक पान मांडायला घेतलं.

तिला जागा करून देताना मी कापडावरून हात फिरवला. रोज पुसताना बोटांना लागायच्या त्या रेघा आज डोळ्यांनी बघितल्या. त्रिकोण, वर्तुळं, स्पर्शिका, एकावर एक, प्लास्टिकच्या फुलांमध्ये खोल रुतलेल्या. अपूर्ण, असा शेरा आला की ती पुढच्या वेळी आणखी दाबून काढत होती. आणि जितकं दाबेल तितकं पुसलं जात होतं. मॅडमना विचारू की नको करत मी इतके दिवस काढले, त्या प्रत्येक टेस्टला माझी पोर इथेच बसून आपली रेघ कुणाला तरी दिसावी म्हणून जोर लावत होती. मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

“आई, बघ ना,” तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. पिवळं पान, कोपऱ्यात कापडावरचं एक फूल आलेलं. “दिसतंय का सगळं?”

“दिसतंय,” मी म्हणाले. “आता पेन्सिल जरा हलकी धर.”