बैलाच्या अंगावरचं उलटं गाव

माझी शाळा दुसरीतच सुटली. चित्रातलं मला काय कळतंय, असं माझा पोरगा म्हणतो. म्हणू दे. चांगलं काय ते ओळखायला शाळा लागत नाही.

नात कागलच्या एमआयडीसीत कामाला जाते. पुराचं पाणी घरात शिरलं त्या सालापासून ती चित्रं काढते. गाव आभाळाला उलटं टांगलेलं, घरांची दारं खाली उघडलेली. वरनं नदी वाहते आणि आमची म्हैस ढगात बसून निवांत रवंथ करते. म्हशीचा केस न् केस पेनानं काढलेला. बघत बसलो की माझा चहा गार होतो.

पोरगा मात्र तापायचा. "उलटं घर कोण काढतंय व्हय? अभद्र! उद्या पोरीला बघायला पावणं येतील, त्यास्नी हे दावायचं? घाला बंबात, अंघुळीचं पाणी तरी तापंल."

मी नातीला विचारलं, "असलं का काढतीस गं?"

"आबा, पाऊस लागला की छातीत धडधडतंय. कागदावर उतरलं की जरा बरं वाटतंय."

एवढं बोलून ती कागद गोळा करायला लागली. खरंच बंबाकडं निघाली.

"थांब," मी म्हटलं. "परवा बेंदूर हाय. बैल तू रंगवायचा. वाटीचे ठसे न्हाईत, हेच गाव काढायचं."

"बाबा चिडतील."

"बैल माझा हाय."

बेंदराला सकाळभर ती गोठ्यात होती. परक्याला शिंग दाखवणारा बैल तिच्यापुढं गप उभा. मिरवणूक निघाली तशी सगळी गल्ली बघायला लागली.

"आबा, बैल उलटा चालतोय काय?" एकानं टोमणा मारला.

"तुझ्या बैलावर नुसते ठसेच हायत की! वाटी तरी धुतलीस न्हवं?"

लोक हसले. पण शेजारची म्हातारी हसली नाही. पुरात तिला नावेतनं काढलं होतं. बैलाच्या अंगावर हात ठेवून म्हणाली, "माझं घर असंच दिसत हुतं बघा. पाण्यात, उलटं. आजपतोर कुणाला सांगाय आलं न्हाय."

कासरा पोरग्याच्या हातात होता. म्हातारीनं हात काढेपर्यंत त्यानं बैल थांबवून धरला.

दुसऱ्या दिवशी त्यानं बैल धुवायला काढला. शिंगं घासली, पाय घासले, पाठ घासली. गाव काढलेल्या बाजूला मात्र पाण्याचा थेंब लागू दिला नाही. मी बंबाकडं गेलो. नातीनं त्या दिवशी टाकलेले कागद तिथंच पडले होते, ते उचलून माझ्या ट्रंकेत ठेवले.

पोरग्यानं बघितलं. म्हणाला, "ट्रंक खाली ठेवू नका. ओल येतीया."