न बघता वाचलेलं

आमचे हे, म्हणजे एरिबेर्तो सुन्यो, मेलेल्या माणसाला बघितल्याशिवाय मेला म्हणत नाहीत. गावच्या रेडिओवर निधनाच्या बातम्या तेच वाचतात. घरच्यांनी चिठ्ठी आणून दिली तरी आधी उठून त्या घरी जाणार, हॅट काढून शवपेटीपाशी उभे राहणार, चेहरा बघणार, आणि मगच माइकसमोर बसणार. कितीदा जेवण अर्धं टाकून गेलेत! मी चिडायचे. "अहो, तो काय आता उठून पळून जाणार आहे? ताटातला मका तरी संपवा!" तर म्हणायचे, "लुस्मिला, एकदा माझ्या तोंडून गेलं की ते परत घेता येत नाही."

त्यामुळे आमच्या डोंगरातल्या गावांत यांच्या आवाजाला मोठा मान. बाजारात बायका मला बटाटे निवडून देतात ते काही माझं थोबाड बघून नाही देत.

गेल्या फेब्रुवारीत, कार्निव्हलच्या सणाआधी, क्वेंका शहरातून एक गुळगुळीत माणूस आला. अंगणातल्या चिखलात बूट भरू नयेत म्हणून कोंबडीसारखा उड्या मारत होता. जीवनसत्त्वांवर परदेशात काढलेली एक माहितीची फिल्म होती, ती आपल्या बोलीत करायची होती. "एरिबेर्तोसाहेब, मोठमोठे आवाज ऐकले आम्ही. पण लोकांचा विश्वास बसेल असा आवाज तुमचाच." झालं, आमचे हे फुलले. आयुष्यभर मेलेल्यांची नावं वाचणाऱ्या माणसाला फिल्मसाठी बोलावलं म्हटल्यावर कोण फुलणार नाही? लग्नातला कोट घालून गेले. स्पंज लावलेल्या खोलीत बसवलं, घशासाठी मधाचं पाणी दिलं, हातात कागद दिले, यांनी वाचले.

घरी आल्यावर मी विचारलं, "पण फिल्ममध्ये आहे काय?"

"जीवनसत्त्वांचं आहे. चांगलं असतं ते," म्हणाले, आणि पुन्हा त्या मधाच्या पाण्याचंच कौतुक सुरू.

मग ती फिल्म क्वेंकाच्या बसमध्ये लागायला लागली. मी बघितली. पांढऱ्या कोटातला एक परदेशी मान हलवतोय, बागेत एक बाई डोळे पुसतेय, आणि वरून आमच्या ह्यांचा आवाज: मोठ्या मात्रेत जीवनसत्त्वं घेतली की सांधे, साखर, उदासी, काचबिंदू, सगळं मागे फिरतं, हजारो लोकांनी आपली औषधं फेकून दिली, पण डॉक्टर हे तुम्हाला सांगणार नाहीत. फिल्म संपते न संपते तोच एक जण बाटल्यांची पिशवी घेऊन उठला. बसमधली निम्मी माणसं हात पुढे करून बसली होती!

घरी आले ती तणतणतच. "हजारो म्हणजे कोण हो? कुठल्या गावचे? आणि औषधं फेकून जे बरे झाले नाहीत त्यांना कुणी फिल्ममध्ये घेतलं का? मेंढरू घेताना आपण त्याचे दात बघतो, आणि इथे काहीच बघायचं नाही?"

"अगं, कागदावर होतं तसं. एवढी शिकलेली माणसं उगाच कशाला लिहितील?" म्हणाले, आणि हसले. त्या हसण्याची आता त्यांना स्वतःलाच किळस येते.

देल्फिना यिबिसाका आमच्या लेकीची बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेली आई. त्या नात्याने आम्ही तिला कोमाद्रे म्हणतो आणि ती ह्यांना कोंपाद्रे. विधवा बाई. गवताच्या हॅट विणते, इतक्या बारीक की पाणी ओतलं तर गळायचं नाही. तिच्या डोळ्यांत काचबिंदू. रोज थेंब घालावे लागत. ते झोंबतात म्हणून ती कुरकुर करायची, पण घालायची.

नाताळात बाळ येशूची मिरवणूक झाली आणि आम्ही तिच्या अंगणात बसलो. मक्याची दारू ओतताना तिने माझा पेला सोडून सरळ माझ्या मांडीवर धार धरली. मी म्हटलं, "काय कोमाद्रे, आम्हाला पाजायच्या आधीच चढली वाटतं?" ती हसली. पण पेला शोधणारा तिचा हात हवेतच चाचपडत होता, आणि माझं हसू जागीच जिरलं.

"कोमाद्रे, थेंब घालतेस ना गं?"

"छे! कार्निव्हलनंतरच सोडले. आता गोळ्या घेते, त्या बसमधल्या. कोंपाद्रेंनीच तर सांगितलं."

हे शेजारीच होते. "अहो पण कोमाद्रे, डॉक्टरला एकदा विचारायचं तरी!"

"कशाला? माझा भाऊ पलीकडच्या गावात वारला, ते मला तुमच्याच तोंडून कळलं. तेव्हा मी पुरावा मागितला होता का? तुम्ही बघितल्याशिवाय बोलत नाही, हे सगळ्या डोंगराला ठाऊक आहे."

ह्यांनी पेला खाली ठेवला. कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या. माझ्याकडे बघेनात, तिच्याकडेही बघेनात.

क्वेंकाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. डावा डोळा गेलाच होता. उजव्यात समोरचं थोडंसं उरलं होतं, तेवढं थेंबांनी टिकवायचं. गेलेलं परत येणार नाही. बाई म्हणाल्या, "जीवनसत्त्वं वाईट नाहीत. ज्याला कमी पडतात त्याला आम्हीही देतो. पण थेंब सोडून त्यांनी काचबिंदू थांबतो, असं अजून कुणीही तपासून दाखवलेलं नाही. तुम्हाला हे सांगितलं कुणी?"

कोमाद्रे गप्प. ह्यांची लाज राखायला गप्प राहिली ती. तेव्हा हेच पुढे झाले. "मी. त्या फिल्ममधला आवाज माझा आहे."

"मग तुम्ही कुणाला बरं झालेलं बघितलं होतं?"

"कुणालाच नाही."

इतक्या हळू बोललेले मी ह्यांना कधी ऐकलं नव्हतं. मला ह्यांची लाज वाटली आणि कीवही आली. त्या खोलीत त्यांचा हात धरावा की त्यांना दोन शिव्या हासडाव्यात, तेच मला कळेना.

दुसऱ्या दिवशी रेडिओवर सगळं सांगितलं. मी वाचलं, मी काही बघितलं नव्हतं, माझी चूक झाली, डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडू नका. लोक काय म्हणाले? काहींनी बाटल्या टाकल्या. पुष्कळ जण म्हणाले की डॉक्टरांनी एरिबेर्तोसाहेबांना दम दिलेला दिसतोय. तो गुळगुळीत माणूस तर फोनच उचलत नाही.

फिल्म अजून बसमध्ये लागते. हे मुद्दाम जाऊन बसतात आणि ती सुरू झाली की उभे राहतात. "ऐका हो, हा आवाज माझा आहे. हे खरं ठरलेलं नाही." परवा मी सोबत होते. ड्रायव्हर ओरडला, "काका, खाली बसा, ऐकू येत नाहीये!" आणि त्याने फिल्मचा आवाज वाढवला. आमचे हे उभ्याने ओरडतायत, आणि वरून त्यांचाच आवाज, शांत, भारदस्त, त्यांना दाबून टाकतोय. लोक खो खो हसत होते. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. पण ह्यांना मी खाली बसवलं नाही.

काल आम्ही कोमाद्रेकडे गेलो. ती बोटांनी चाचपून विणत बसली होती. हॅटचा माथा झाला होता, आता काठाकडे आली होती. तिने हॅट ह्यांच्या हातात दिली. "कोंपाद्रे, नीट बघून सांगा. जमलीय का?"

मी बघितली. वीण एका बाजूने पार सरकली होती. लहान पोरीलाही दिसली असती. मी ह्यांच्या दंडाला जोरात चिमटा काढला, की म्हणा छान आहे, म्हणून टाका!

हे हॅट उजेडात धरून फिरवत राहिले. फार वेळ. मग म्हणाले, "नाही कोमाद्रे. वाकडी गेलीय. माथ्यापर्यंत उसवावी लागेल."

"माथ्यापर्यंत?"

"हो."

तिने हॅट परत घेतली, मांडीवर ठेवली, आणि रडायला लागली. डॉक्टरीणबाईंसमोर ती रडली नव्हती.