झिऱ्याचं पाणी
एसटी स्टँडवर गाडीखाली सांडलेल्या डिझेलचा वास आला की मला सासरची नदी आठवते. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. उन्हाळ्यात नदी आटली की सासूबाई वाळूत हातभर खोल झिरा खणायच्या आणि वाटीवाटीनं घागर भरायच्या. गावात नळ होता, पण प्यायला त्यांना तेच पाणी लागायचं. एका पहाटे गावाच्या वरच्या अंगाच्या पुलावरून डिझेलचा टँकर नदीत कोसळला. आम्ही पोचलो तेव्हा डबक्यांवर रंगीत साय पसरली होती, मासोळ्या उलट्या तरंगत होत्या आणि एक बगळा चिकटलेले पंख उघडायची धडपड करत होता. सासूबाईंनी आपला झिरा उपसला, पुन्हा उपसला. खालून येणारं पाणीही तेलकटच होतं. "नदी मेली वो बाई," एवढंच त्या म्हणाल्या. त्या उन्हाळ्यात त्या रोज जागा बदलून नवा झिरा खणायच्या, पाणी हुंगायच्या आणि बुजवून परत यायच्या. पुढे दोन पावसाळ्यांचे पूर येऊन गेले. पुन्हा मासोळ्या दिसू लागल्या, गुरं पाण्यावर यायला लागली. मग मी झिरा खणला, आधी स्वतः प्यायले आणि वाटी त्यांच्यापुढे धरली. "पिऊन पाहा, चांगलं झालं आता." त्यांनी घोट तोंडात धरला आणि वाळूत थुंकला. "तुले वास नाही येत का वो? मले येते." त्यानंतर त्या कधीच नदीवर आल्या नाहीत. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. नदीत आता बगळे उतरतात, मीही तिथलंच पाणी पिते. पण पहिला घोट गिळताना अजून थांबते.