दाजींनी पुसलेली फ्लॉपी

दाजी आज सकाळी गेले. मला वाईट वाटलेलं नाही.

दुपारपासून त्यांच्यावरच्या पोस्ट वाचतोय. दिलदार माणूस. काळाच्या पुढचा माणूस. नव्वदच्या दशकात सांगलीत लॅपटॉप वापरणारा माणूस!

वापरणारा नाही हो. मिरवणारा.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. मूळचे कुंडलचे, सांगलीत कंत्राटदार. साइटवर जीपच्या बॉनेटवर उघडून ठेवायला त्यांनी लॅपटॉप घेतला होता.

त्यावर काम करायची ताई.

ती कॉलेजात बॉटनी शिकवायची. आटपाडीच्या माळावरच्या गवतांवर पीएचडी करत होती. सुट्टीला एसटीनं जायची, उन्हात गवतं गोळा करायची, घरी येऊन थीसिस टाइप करायची.

दाजी पाहुण्यांपुढं म्हणायचे, "गवतावर कसली पीएचडी? आमच्या म्हशीला इचारा की, ती सांगंल."

पाहुणे हसायचे. पाहुणेही तसलेच.

एक दिवस लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. ताई घाबरली नाही. थीसिसची कॉपी तिनं एका फ्लॉपीवर ठेवली होती.

मी साताऱ्यात असायचो. पुण्याहून नवी हार्ड डिस्क आणली, सांगलीला जाऊन बसवली. आता विंडोज टाकायचं, तर दाजींनी मला उठवलं.

"सरक. लॅपटॉप माझा हाय."

एक फ्लॉपी काढ, दुसरी घाल, असं बराच वेळ चाललं. शेवटी स्क्रीनवर आलं: स्टार्टअप डिस्क बनवायची आहे, एक फ्लॉपी घाला, तिच्यावरचं सगळं पुसलं जाईल.

टेबलावर कोऱ्या फ्लॉपींचा डबा होता. दाजींनी उचलली ताईची. वर तिच्या अक्षरात 'थीसिस' लिहिलेली.

ताई धावत आली. "अहो, ती नको! माझं सगळं त्यात आहे. ही कोरी घ्या."

"मला वाचता येतं," दाजी म्हणाले.

आणि तिच्याकडं बघत एंटर दाबलं.

मी हात घालेपर्यंत ड्राइव्ह खरखरायला लागला होता. फ्लॉपीवर काही उरलं नाही.

"लिही की परत. गवत काय पळून जातंय व्हय?"

वर चहा मागितला.

ताईनं चहा टाकला नाही. पेपरात दाबून ठेवलेली गवतं पिशव्यांत भरली आणि माझ्याबरोबर साताऱ्याला आली.

रजा काढून तिनं सगळं पुन्हा लिहिलं. एकेक गवत समोर ठेवून. माझ्या मित्राच्या कॉम्प्युटर क्लासात बसून. कधीकधी टाइप करता करता थांबायची. "पहिल्यांदा हे छान लिहिलं होतं रे," एवढंच म्हणायची.

रजा संपली तशी सांगलीला परतली. डॉक्टरेट मिळाली. सांगलीत सत्कार झाला. माइक घेतला कोणी? दाजींनी.

"मी लॅपटॉप दिला, म्हणून हिची पीएचडी झाली."

ताई उठली. त्यांच्या हातातून माइक घेतला. "यांच्या लॅपटॉपवरचं एक पानसुद्धा या थीसिसमध्ये नाही. बसा तुम्ही."

दाजी बसले. त्यांना गप्प बसलेलं मी तेवढंच पाहिलं.

माफी त्यांनी कधी मागितली नाही. शेवटचं आजारपण ताईनंच काढलं. त्याला प्रेम म्हणणाऱ्यांनी आधी तिला विचारावं.

सकाळी तिचाच फोन आला. "हे गेले." मग म्हणाली, "काही लिहिणार असशील, तर खोटं लिहू नको."

ताई, नाही लिहिलं.

दाजी, श्रद्धा कधी नव्हती, म्हणून श्रद्धांजली लिहीत नाही.

या आता.