मोबाईलमधल्या भिंती

आप्पा कुणाच्याही घरी गेले की चपला काढता काढता आधी समोरची भिंत बघायचे. पाणी पिऊन झालं की मोबाईल काढून तिचा फोटो घ्यायचे आणि बोटानं तिच्यावर रंग चढवायचे. "बगा राऊत, फिका मोरपंखी दिला तर हॉल केवढा दिसतोय." असं फुकटचं एक ॲप त्यांना सापडलं होतं. पालघरच्या माझ्या घराच्या भिंती त्यांनी इतक्यांदा रंगवल्या, की बायको म्हणायची, "आप्पा आले, आता पडदे बदलावे लागणार."

त्यांचं नाव गणपत माने. मूळचे सांगलीकडचे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात आम्ही एकाच खात्यात होतो. ते वयानं मोठे, म्हणून सगळ्यांचे आप्पा. जेवणाच्या सुट्टीत गेटची चौकी, कँटीन, पाण्याची टाकी, दिसेल ते रंगवत बसायचे. एकदा बिहारचा दिनेश म्हणाला, "आप्पा, मेरा थोबडा भी पेंट कर दो, शादी जम जाएगी." आप्पा मान वर न करता म्हणाले, "तुझ्या तोंडाला आधी पुट्टी लागंल बाबा."

हे वेड कुठून आलं ते त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. पाम गावच्या रस्त्याला दोन खोल्यांत ते भाड्यानं राहायचे. खारी हवा, भिंतींना कायमची ओल, चुन्याचे पोपडे. टेकून बसलं की पाठ पांढरी व्हायची. स्वतःच्या खर्चानं रंग देतो, असं त्यांनी मालकाला अनेकदा सांगून पाहिलं होतं. मालक तिथलाच, मनानं वाईट नव्हता, पण या बाबतीत हलायचा नाही. "माने, रंग नाय. भाडोत्री एकदा रंग मारायला लागला का मंग उठत नाय. आमी बघलंय." आप्पा निमूट परत यायचे आणि तीच भिंत मोबाईलवर अबोली करून बायकोला, आमच्या काकूंना, दाखवायचे. काकू म्हणायच्या, "त्यात जाऊन भाकरी थापू का आता?" तरी आप्पा हसायचे. "बघाय काय पैसं पडत्यात व्हय? मन तरी रंगतंय."

त्यांची मुलगी सुजाता बोईसरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. तिला वसईच्या मुलाचं स्थळ आलं. दोघं महिनाभर फोनवर बोलत होती. "पोरगी भांडी घासताना गुणगुणाय लागलीया," आप्पांनी मला हळूच सांगितलं होतं. मुलाला वडील नव्हते, सगळं मामा बघायचे. त्यांचा निरोप आला, यायच्या आधी घराचे दोन-चार फोटो पाठवा.

आप्पांनी कँटीनमध्ये फोन माझ्यासमोर धरला. खऱ्या भिंतींचे फोटो होते. ओल फोटोत जास्तच काळी दिसत होती. पुढे सरकवलं तर त्याच खोल्या रंगवलेल्या.

"हे पाठवा की," मी म्हणालो.

"फसवणूक न्हाई का व्हायाची?"

"मुलगी बघायला येतात आप्पा, भिंती कोण बघतंय?"

ते बोटानं फोटो मागंपुढं सरकवू लागले. मग मीच तो त्यांच्या हातातून घेतला. फोटोंच्या कोपऱ्यात ॲपचं नाव बारीक अक्षरांत येत होतं, ते कापलं आणि फोटो पाठवून दिले. नाव कापताना मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं. आज ते आठवलं की जेवण जात नाही.

पाहुणे आले त्या दिवशी आप्पांनी मला घरचा माणूस म्हणून बोलावलं. मामा मुलाला घेऊन आत आले, बसले आणि भिंतींकडे बघत राहिले. मग खिशातून फोन काढून त्यांनी तो भिंतीशेजारी धरला. "हे फोटो कुठल्या घराचे?"

"घर ह्येच पावणं," आप्पा म्हणाले. "रंग तेवढा मोबाईलमधला."

मुलाला जरा हसू आलं होतं. मामांकडे बघून ते विरलं. मामांनी विचारलं, "पाठवले कुणी?"

मी मोरीच्या दाराशी चहाचा कप घेऊन उभा होतो. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं. मी कप तोंडाला लावला. पाहुण्यांत आपली शोभा नको, एवढंच डोक्यात होतं.

"मीच धाडलं," आप्पा म्हणाले. "चुकलं माजं."

"भिंतीच खोट्या दाखवता, तर बाकीचं काय खरं धरायचं?" मामा उठले. सुजाता ट्रे घेऊन आतल्या दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी नकार आला. मुलाचा फोन त्यानंतर लागला नाही.

आप्पांनी मला कधीच बोल लावला नाही. जेवणाचा डबा आम्ही पूर्वीसारखाच एकत्र खायचो. फक्त मोबाईल आता खिशातून निघत नव्हता. दिनेशनं एकदा छेडलं, "आप्पा, पेंटिंग बंद?" ते म्हणाले, "डोळं दुखत्यात रे." निवृत्तीला दोन वर्षं होती, पण त्यांनी आधीच राजीनामा दिला आणि गावी जायचं ठरवलं.

सामान टेम्पोत भरायला मी गेलो होतो. आप्पा किल्ली द्यायला मालकाकडे गेले, तेव्हा सुजाता आणि मी दोघंच दारात होतो. मी म्हणालो, "सुजाता, ते फोटो मी पाठवले होते."

"माहीत आहे काका," ती गाठोडं बांधत म्हणाली. "बाबांना फोटोवरचं नाव कापता येत नाही."

मी गाठोड्याचं दुसरं टोक धरलं. तिनं गाठ आवळली आणि म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी बोलला असता तरी ते लोक गेलेच असते. पण बाबा एकटे पडले नसते."