विजेची मोटर पसंत पडली, पण…

मंडळी, बाळूचा खोकला थांबला का? अक्कांचे गुडघे कसे आहेत? वहिनींना झोप लागते ना?

आज पार दमलोय, तरी लिहितो. तुमच्या काकूला दर आठवड्याला लोणावळ्याच्या दवाखान्यात न्यावं लागतं. आगगाडीची पायरी तिला चढवत नाही, बैलगाडीचे हादरे कंबरेला सोसत नाहीत.

तिथल्या एका बंगल्याचे शेठ दोन जुन्या मोटरी विकताहेत, एक पेट्रोलची, एक विजेची. लढाईपायी पेट्रोल मिळेना, म्हणून आज दोघं विजेच्या मोटरीत बसून भुशीपर्यंत जाऊन आलो.

"आगं बया, पाळण्यात बसल्यागत वाटतंय!" काकू कितीतरी दिवसांनी हसली.

मी हो म्हणणार, तोच शेठचा ड्रायव्हर म्हणाला, "आबा, रातभर विजेला जोडून ठेवाय लागती बरं का."

आणि मळवलीत आपल्या घरी अजून कंदील!

काकू म्हणाली, "आपलं शेत धरणात गेलं, वीज गेली मुंबईला. आता मोटरीला वैरण घालाय मुंबईला जायाचं व्हय?"

शेठ, ड्रायव्हर सगळे हसले. मला हसू येईना. परतीच्या बैलगाडीत ती वाटभर कण्हत होती.

आमच्या उत्तरासाठी शेठ रविवारपर्यंत थांबतील. या वयात घर सोडून लोणावळ्यात वीज असलेली खोली घ्यावी का? तिला विचारलं तर म्हणते, "तुमी म्हणाल तसं." म्हणून तुम्हाला विचारतो. लवकर लिहा.